दोन साच्यांचं धनुष्य

लालबाग, मुंबई
२४ ऑक्टोबर १९८८

प्रिय चंदू,

तुला, शेवंतावहिनींना आणि पोरांना दसऱ्याचं सोनं या कागदातूनच पाठवतो. इकडे मी ठीक आहे.

आपल्या गिरणीच्या साचाखात्यातले साचे, सगळे माग, मोडीत गेले. ही ऐकीव गोष्ट नाही. गेटवरच्या जगदीशने सांगितलं आणि मग मी जाऊन ट्रक डोळ्यांनी पाहिला. आपली रांग संपानंतर पुन्हा चाललीच नव्हती. धूळ खात, अर्धवट विणलेलं कापड अंगावर घेऊन साचे तसेच उभे होते. तू आणि मी शेजारी शेजारी उभं राहून ज्यांच्यावर कापड विणलं ते साचे घणाने फोडले आणि भंगारात भरले. मला वाटलं होतं वाईट वाटेल. तसं काही वाटलं नाही. घणाचा आवाज मोठा होता, एवढंच. साचे चालत होते तेव्हा याच्यापेक्षा मोठा आवाज असायचा आणि त्यात आपण गप्पा मारायचो.

जगदीश म्हणाला, "तुझ्या कामाचं काय असेल तर उचल, गंगाधर. लाकूड आहे ते सगळं चुलीत जाणार."

मी दोन काठ्या उचलल्या. धोट्याला फटका मारून इकडून तिकडे पळवते ना, ती काठी. एक तुझ्या साच्याची आणि एक माझ्या. तुझी लगेच ओळखली. फिटर आपली चांगली काठी दुसऱ्याला लावतो म्हणून तू तापलेल्या खिळ्याने तिच्यावर तीन टिंबं काढली होतीस. माझ्या काठीवर खूण नाही. तुझ्या शेजारच्या साच्यात होती म्हणून ती माझी.

हे अमेरिकेचं लाकूड, हिकरी. दिवसभर फटके मारून तुटत नाही, वाकतं आणि सरळ होतं. धनुष्याला असं लाकूड मुंबईत शोधून मिळणार नाही. काठी तोकडी आहे, पण दोन जोडल्या तर माणसाच्या उंचीला पुरतील.

हसलास ना? हो, तो नाद अजून आहे. संपाच्या पहिल्या गणपतीत चाळीच्या देखाव्यासाठी मी बांबूचं धनुष्य केलं होतं. "गंग्या, ह्याने रावण मरणार नाय, त्याला गुदगुल्या होतील," असं म्हणून तूच ते ओढलंस आणि बाण रावणाच्या पोटात घुसला. विसर्जनापर्यंत रावण पोटाला पट्टी बांधून बसला होता. तेव्हापासून रे रोडच्या वखारीतून बांबू आणतो आणि तासत बसतो. काही धनुष्यं मोडली, काही बरी झाली.

तेव्हा या खोलीत धनुष्य ओढायची सोय नव्हती. सगळ्या गावाची मिळून एक खोली. माणसं पाळीपाळीने झोपायची, कोपर मागे नेलं की कुणाच्या तरी नाकावर. आता जागाच जागा आहे. आधी विठोबा खोली सोडून गेला, त्याच्यामागून बाकीचे गेले, तू इचलकरंजीला पॉवरलूमवर गेलास. ज्याची त्याची खुंटी मात्र भिंतीला आहे. त्यांवर धनुष्यं टांगतो. तुझी रिकामी ठेवलीय.

सोनूबाईची खानावळ आता माझ्या एका ताटाची उरलीय. तरी भात लावते तो खोलीभर माणसांचा. मी गॅलरीच्या टोकाला चिंध्यांचं बोचकं ठेवून बाण मारतो तेव्हा दारात उभी राहून ओरडते, "गंगाधरा, बाण माझ्या मांजराक लागात हां! मगे जेवण मागू नको!"

गावकीचा कारभार बघणाऱ्या अप्पांचं गावाहून पत्र होतं. खोलीत एकच माणूस राहतो तर गावाने ती ठेवायची कशाला, असा विषय गावकीत निघालाय. शिमग्याला सगळे जमतील तेव्हा ठरवू म्हणतात. तुलाही कळवतीलच. माझं काय, मी किल्ली सांभाळणारा.

गणपतीत पत्र टाकलं होतं, मिळालं का? घाई नाही. पण उत्तर दे.

तुझा
गंगाधर


लालबाग
१७ जानेवारी १९८९

प्रिय चंदू,

तिळगूळ घ्या. शेवंतावहिनींना नमस्कार सांग.

अक्षर वाकडं आलंय त्याकडे लक्ष देऊ नकोस. खिडकीच्या गजांना धनुष्य बांधलंय, त्याने उजेड अडतो.

दोन्ही काठ्यांचा सांधा झाला. एकीचं टोक माशाच्या शेपटीसारखं कापलं, दुसरीचं तिच्यात बसेल असं कोरलं, सरस लावून वरून दोरा आवळला. ते दिवाळीच्या आधीच उरकलं होतं म्हणून बरं. पुढचं काम कानशीने आणि काचेच्या तुकड्याने खरवडायचं. त्याला जोर लागत नाही, वेळ लागतो. वेळ आहे.

धनुष्य दोन्ही बाजूंना सारखं वाकतं की नाही हे बघायची माझी पद्धत सांगतो. ते मधोमध गजाला बांधायचं, टोकांना सैल लांब दोरी लावायची, दोरीला बादली अडकवायची आणि तांब्यातांब्याने पाणी ओतत जायचं. मग भिंतीशी जाऊन लांबून बघायचं. बादली हल्ली सोनूबाईच अडकवून देते. म्हणते, "माझ्या हयातीत पाण्याची अशी नासाडी बघूक नाय. ह्या पाण्यात चार लुगडी धुऊन झाली असती." मग स्वतःच माझ्या बाजूला उभी राहून डोळे बारीक करून बघते आणि सांगते, "डावीकडचा चांगला वाकता. उजवीकडचा अडेलतट्टू आसा."

डावीकडची तुझी काठी, उजवीकडची माझी. तुझा साचा कसा पळायचा ते सगळ्या खात्याला माहीत होतं. फटके खाऊन खाऊन काठी नरम झालीय. माझी ताठ राहिली.

आता या कामातला एक नियम आहे. नरम बाजूला लाकूड चिकटवून ती ताठ करता येत नाही. जी ताठ आहे तिलाच खरवडायचं, दोन्ही सारख्या वाकेपर्यंत. दुसरा मार्ग नाही. म्हणून इतके दिवस मी माझीच काठी खरवडतोय. गणपतीपासून हे तिसरं पत्र आहे, तेही त्यातलंच समज.

कधी कधी वाटतं, आपलं भांडण झालं असतं तर बरं होतं. संपात भावाभावांची झाली, एकाच ताटात जेवणाऱ्यांची झाली. कोण गेटच्या आत गेला, कोण बाहेर राहिला. तू आणि मी दोघेही बाहेरच राहिलो, शेवटपर्यंत. रागवायला काही कारणच नाही. भांडण असतं तर कुणी तरी मध्ये पडून मिटवलं असतं. नुसतं गप्प झालेलं माणूस कसं मिटवायचं?

तुला तिकडे दोन पाळ्या कराव्या लागतात हे मला माहीत आहे. रागावलेलो नाही.

माझी बायको तुळसा आज असती तर म्हणाली असती, एवढं मोठं पत्र लिहायला बसलात, त्यापेक्षा एसटीत बसून जाऊन आला असतात. गेलोही असतो. सध्या जरा प्रवास नको वाटतो.

आता धनुष्य गजावरून सोडून तुझ्या खुंटीवर टांगतो. दोरी अजून चढवलेली नाही.

तुझा
गंगाधर


लालबाग
५ मार्च १९८९

चंदू,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांत एवढ्या कमी शब्दांत मला कुणी पकडलं नव्हतं. "गंग्या, धनुष्याने खिडकीतला उजेड अडतो होय रे? मी पण साच्यावर होतो, शाळेत नव्हतो. कुठला हात गेला? खरं लिही. मग बघतो."

उजवा.

दिवाळीत, फराळाच्या दिवशी सकाळी हातातला चहाचा पेला सुटला. मला वाटलं पेला ओला होता. खाली वाकलो आणि उचलता येईना. सोनूबाईने गॅलरीतून माणसं गोळा केली आणि परळला हॉस्पिटलात नेलं. अर्धांगवायूचा झटका, म्हणाले. पाय वाचला, बोलणं वाचलं. बोलणं वाचलंय हे सोनूबाईला पटलं नव्हतं, कारण मी दोन दिवस काही बोललोच नाही. डॉक्टर म्हणतात हात थोडा येईल, किती ते सांगता येत नाही. हे पत्र आणि आधीचं पत्र डाव्या हाताने लिहिलंय.

गावी कळवलेलं नाही. अप्पांना कळलं तर म्हणतील, बघा, आता तर त्याला तिथे ठेवायलाच नको. ते बोलतील ते चांगल्या मनानेच बोलतील. भावाच्या घरी पडवीत माझी खाट टाकतील. भावजय वेळेवर जेवायला देईल. मला माहीत आहे. पण तुळसा गेल्यानंतर त्या घरात माझ्याशी बोलायला कुणाकडे विषय नसतो. इथे निदान सोनूबाई मांजरावरून भांडते.

तुला का नाही कळवलं, हे विचारशील. कळवलं असतं तर तू आला असतास. हात गेला म्हणून आला असतास. मला तू धनुष्य बघायला यायला हवा होतास. हे लिहिताना पोरकट वाटतं, पण खरं लिही म्हणालास.

आता धनुष्याचं. ते झालं. बादलीला दोन्ही बाजू सारख्या वाकतात, सोनूबाईनेही मान डोलावली. पण ते लांब सैल दोरीवर. खरी आखूड दोरी अजून चढलेली नाही. ती चढवायची तर एक टोक पायाशी दाबून, एका हाताने धरून, गुडघ्याने धनुष्याचं पोट वाकवून, दुसऱ्या हाताने फास वर सरकवावा लागतो. दोन धड हात लागतात. मी गेल्या महिन्यात करून बघितलं. धनुष्य निसटून गालावर बसलं. सोनूबाईला सांगितलं दाराला आपटलो.

मग मनात आलं, आणखी खरवडू. माझ्या हाताला झेपेल इतकं हलकं करू. काच घेऊन बसलो. थोडं खरवडलं आणि थांबलो. आजवर खरवडलं ते तुझ्या बाजूला जुळवायला. आता माझ्या हाताला जुळवायला बसलो तर दोन्ही बाजूंनी काढत जावं लागेल, तुझी टिंबंसुद्धा जातील आणि शेवटी जत्रेतल्या पोरांचं धनुष्य उरेल. त्या काठ्यांनी इतकी वर्षं फटके मारले ते काय त्यासाठी? काच खिडकीतून टाकणार होतो, खाली पोरं खेळत होती म्हणून कागदात गुंडाळून ठेवली. धनुष्य आहे तेवढ्या ताकदीचं राहू दे. माझ्याकडून ते आता ओढलं जाणार नाही. तुझ्याकडून जाईल.

दोरी मी वळून ठेवलीय. डाव्या हाताने आणि दातांनी. मेण लावलंय. विणकराची गाठ दातांनी मारता येते हे मला या वयात कळलं.

खोलीचं पक्कं झालं. अप्पांचा पुतण्या हेरंब इथे नोकरीला आहे, तो येऊन सांगून गेला. बैठक नावाला आहे, खोली सोडायची असंच सगळ्यांचं मत आहे. शिमगा झाला की येणाऱ्या रविवारी तो किल्ली न्यायला येईल. भला पोरगा आहे. उभ्या उभ्या बोलला, बस म्हटलं तरी बसला नाही. जाताना खुंट्यांकडे बघून म्हणाला, "काका, ही धनुष्यं गावाला नेणार का?" मी म्हटलं, बांबूची वाटून टाकीन. एक राहील.

बैठकीत तू मत देऊन खोली वाचवावीस म्हणून हे लिहीत नाही. खोली वाचणार नाही आणि ती वाचवण्यात अर्थही नाही, माणसं नसलेल्या खुंट्या कुणी सांभाळायच्या? मला एवढंच हवंय की किल्ली देण्याआधी या खोलीत एकदा ते धनुष्य वाकलेलं दिसावं. नंतर तू ते इचलकरंजीला घेऊन जा. रोज ओढ. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेव. काम झालं की दोरी उतरवून ठेवायची, चढवलेलं धनुष्य टांगून ठेवलं तर ते वाकूनच बसतं. आणि बाण लावल्याशिवाय ओढून मोकळं सोडायचं नाही. तू सोडशील, मला माहीत आहे. लाकूड मोडतं त्याने. सगळा जोर कुठे जाणार?

परळच्या एसटी डेपोत काल जाऊन चौकशी केली. चालत गेलो, सोनूबाईच्या नातवाची छत्री काठीसारखी टेकत. इचलकरंजीहून शुक्रवारी रात्री निघणारी गाडी शनिवारी सकाळी पोचते, खिडकीवरच्या माणसाने दोनदा सांगितलं. शिमग्याच्या आधीचा शनिवार अठरा तारखेला येतो. मी डेपोवर येणार नाही. रस्ता तुला माहीत आहे. जिना चढताना तिसरी पायरी सैल आहे, ती अजून कुणी बसवलेली नाही.

शनिवारी दोन ताटं कर, असं सोनूबाईला सांगून ठेवलंय. तिने विचारलं, "दुसरो कोण?"

मी म्हटलं, "दोरी चढवणारा."

"येतलो म्हणून लिवलान काय त्याने?"

"मग बघतो, असं लिहिलंय."

संध्याकाळी बघतो तर तिने तुझी जुनी पितळी थाळी माळ्यावरून काढली होती आणि गॅलरीत बसून चिंचेने घासत होती.

वाट बघतो.

शेजारच्या साच्यावरचा
गंगाधर