पंचमीची रिंग

॥ श्री ॥

ओटावा, कॅनडा
२ डिसेंबर २०२४

चि. सौ. रत्नमालास आशाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. मी इथं सुखरूप पोहोचले.

तू म्हणशील, रोज फोनवर तोंडं बघतो, मग आक्काला कागदाचं खूळ कुठून लागलं? अगं, तुझा फोन आला की सुदर्शन तो टेबलावर मधोमध उभा करतो अन् आवाज एवढा मोठा करतो की सूनबाई सोनिया स्वयंपाकघरातून जबाब देती. तुझ्याकडंही भाऊजी मागून मान घालतात. जावाजावांनी मनातलं बोलावं कुठं? म्हणून चौथीपर्यंतचं शिक्षण कामाला लावलं. अक्षर वाकडं दिसंल. ते थंडीनं नव्हं, पहिल्यापासून तसंच आहे.

घर लई झकास आहे. नळाला कायम ऊन पाणी. परवा ज्वारीची भाकरी टाकली तर छतावरचं एक डबडं बोंबलायला लागलं. मला वाटलं पोलीस आले. सोनिया टॉवेल घेऊन त्याला वारा घालती, मी तवा घेऊन पळती, दोघी हसून हसून बेजार. नववा महिना लागलाय तिला, एवढं हसू नाय म्हणलं तरी ऐकत नाय. इथल्या कालव्याचं पाणी जानेवारीत दगडासारखं होतं अन् लोक त्याच्यावरून घसरत हापिसाला जातात म्हणं. सुदर्शन फेकतोय का खरं सांगतोय ते बघून कळवीन.

आता कामाचं. विमानतळावर उतरल्या उतरल्या सुदर्शननं टाचणी घालून माझ्या मोबाईलचं सिम काढलं अन् इथलं घातलं. म्हणाला, आपलं सिम इथं चालू ठेवलं तर रोमिंग लागतं, फुकट जळतं. रत्ना, नखाएवढं ते सिम, पण माझी लेक त्याच्यात आहे. मिसरीच्या रिकाम्या डबीत कापूस घालून ठेवलंय.

तुला एकटीला ठाऊक आहे. सायलीनं आपल्या मनानं लग्न केलं अन् ह्यांनी ती मेली म्हणून तिच्या नावानं आंघोळ केली. जाताना माझा हात हातात धरून शब्द घेतला, सायलीशी बोलायचं नाय. मी दिला. मरत्या माणसाला काय नाय म्हणावं? पण त्या वर्षी नागपंचमीला तिची एक रिंग आली अन् बंद झाली. मी उचलला नाय. मग मी एक रिंग दिली अन् तोडली. वाजणं म्हणजे काय बोलणं नव्हं. शब्दही राहिला अन् लेकही माहेरी येऊन गेली. तवापासून दर पंचमीला तसंच. माझ्या फोनात तिचं नाव गॅसवाली आहे, हे आठवलं की मला अजून हसू येतं.

सुदर्शन बापावर गेलाय, बहिणीचं नाव निघालं की ताटावरून उठतो. म्हणून त्याला सांगितलं, गॅसच्या टाकीचा नंबर त्याच सिमवर लागतो, ते बंद पडू देऊ नको. व्हय म्हणाला. तशी मी मे महिन्यात परत येणारच, पंचमीला घरीच असंन.

भाऊजींना रामराम. तुळशीला पाणी घाल अन् माझ्यावर जीव आहे तसाच राहू दे.

तुझी
आक्का

॥ श्री ॥

छत्रपती संभाजीनगर
११ जानेवारी २०२५

ती. आक्कास रत्नमालाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. पोस्टमननं कॅनडाचं तिकीट बघून मला दोन वेळा वरून खाली न्याहाळलं. नात झाल्याचं फोनवर कळलंच होतं, तरी शहागंजातून पेढे आणून गल्लीत वाटले. श्रेया नाव छान आहे. नाक तुमच्यावर गेलंय असं तुम्ही फोनवर चार वेळा सांगितलंत. पाचव्यांदा सांगू नका, सोनियाच्या आईला राग येईल.

तुळस ठीक. तुमच्या दाराला कुलूप असलं तरी मी आठवड्याला उघडून झाडते. मागच्या आठवड्यात देवगाव रंगारीला जाऊन आले. तुमच्या भाच्याकडं तुरीचा ढीग पडलाय, भाव पडलेत, तोंडही पडलंय.

आक्का, एक विचारते. शहागंजातल्या मोबाईलवाल्याकडं गेले होते. तो म्हणाला, सिममध्ये रिचार्ज नसला अन् तीन महिने ते वापरलं नाही तर नंबर बंद होतो, अन् पुढं तो दुसऱ्याच कुणाला देतात. डबीत कापसात ठेवलेल्या सिमला काही अर्थ नाही म्हणे. मी फोनवर बोलले असते, पण तुमचा फोन मधोमध उभा असतो. सुदर्शनला नीट विचारा. खरं कारण सांगितलं तर बरं, असं मला वाटतं. लहान तोंडी मोठा घास घेतला असला तर पोटात घाला.

थंडीत पायात मोजे घालत जा. तुमची वाट बघते.

तुमची
रत्नमाला

॥ श्री ॥

ओटावा
६ एप्रिल २०२५

चि. सौ. रत्नमालास आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र फेब्रुवारीतच पावलं, पण श्रेया मांडीवरून उतरू देत नाय. आता एका हातानं पाळणा हलवून दुसऱ्यानं लिहिते आहे.

कालवा खरंच दगड झाला गं! मी त्याच्यावर चालले. सुदर्शननं दोन्ही हात धरले होते, लहानपणी मी त्याचे धरायची तसे. मला रडूच आलं, तर म्हणाला, आई, डोळ्यातलं पाणी गोठंल.

सोनिया कामावर जायला लागली. पोरगी पाळणाघरात घालायला तिचं मन होईना. ती मला काय म्हणाली नाय, पण मला दिसतं. तर माझी मुदत वाढवून घेतली. आता सप्टेंबरात येईन. माझ्या हातून अंगाला तेल लावून घेताना श्रेया जी खिदळती, ते सोडून कुठं येऊ? मला तर वाटतं ह्या वयात पुन्हा बाळंतीण झाले.

नंबराची काळजी करू नको. तुझं पत्र आलं त्याच दिवशी सुदर्शनला विचारलं, माझ्या नंबराचं केलं का? म्हणाला, कधीच केलं आई, तू निवांत रहा. पोराला एवढं काम असून ध्यानात ठेवलं बघ. खरं कारण सांगायचं तू म्हणतीस. पण घरात एवढं चांगलं चाललंय, कशाला मिठाचा खडा टाकू? पंचमीला डबीतलं सिम घालीन, एक रिंग येईल, एक देईन. झालं.

आंब्याचं लोणचं तू घाल, माझी बरणी घे. आठवण काढत जा.

तुझी
आक्का

॥ श्री ॥

ओटावा
३० जुलै २०२५

चि. सौ. रत्नमालास आशीर्वाद. वि. वि.

पंचमी झाली. रिंग आली नाय.

तिथली पंचमी इथं आदल्या संध्याकाळीच लागती, म्हणून सोमवारी दिवेलागणीलाच आपलं सिम घातलं. टाचणी म्हणून कानातल्याची काडी वापरली. आधी आंघोळ करून नवं लुगडं नेसले. सोनियानं विचारलं, आज काय? म्हणलं, नागोबा. पाटावर हळदीनं नाग काढला, लाह्या मिळाल्या नाय तर मक्याचे फुटाणे ठेवले. पोरीनं त्यातलाच एक उचलून नाकात घालायला घेतला. अन् फोन पदरात घेऊन बसले. मंगळवारचा दिवसही सरला. फोनावर वरच्या कोपऱ्यात काठ्या असतात ना, त्या नव्हत्याच. मला वाटलं परदेशात तशाच दिसत असतील.

शेवटी इथलं सिम घालून मीच गॅसवालीला एक रिंग द्यायला गेले. तर आतली बाई म्हणाली, हा फोन बंद आहे. आठ वर्षांत पंचमीला तिचा फोन बंद नव्हता.

मग सुदर्शनला विचारलं. तो लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, आई, तो नंबर कवाच गेला. गॅस मी माझ्या नंबरावर करून घेतला, तुला सांगितलं होतं की केलं म्हणून. आता त्या नंबराचं काय काम? मी जे मागितलं तेच त्यानं केलं. मीच गॅस मागितला होता.

रत्ना, तू तुझ्या फोनवरून माझा नंबर लावून बघ. कुणाला दिला असंल तर कळंल. भाऊजी नसताना लाव.

पोरगी आता बसती. दात आलाय. सांगायचं लई होतं, पण हात चालत नाय.

आक्का

॥ श्री ॥

छत्रपती संभाजीनगर
१७ ऑगस्ट २०२५

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचायच्या आधी खाली बसा. सोनियाच्या हातात पोरगी द्या, अन् मग वाचा. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

तुमचा नंबर लावला. पाचोडच्या कडुबा नावाच्या माणसानं उचलला. आठवडी बाजारात शेळ्यांचा व्यापार करतो. नवीन सिम घेतलं तर हा नंबर आला म्हणाला, महिनाही झाला नाही. माणूस वाईट नाही, तोंडाळ आहे. मी विचारलं, पंचमीला कुणाची रिंग आली होती का? तर त्याला लगेच आठवलं.

सकाळी नऊच्या सुमाराला आली होती. तो शेळ्या गाडीत चढवत होता, फोन हातातच होता, पहिल्याच रिंगला उचलला. आक्का, उचलला गेला. पलीकडून बाईमाणूस एकच शब्द बोललं. आई? तो म्हणाला, कोण आई, बाजारात आहे मी. तिनं विचारलं, ह्या नंबरच्या बाई कुठं आहेत? तर ह्या शहाण्यानं सांगितलं की मला काय ठाऊक, मेलेल्याचाच नंबर कंपनी दुसऱ्याला देती, मेली असंल म्हातारी. त्याच्या मनानं तो चेष्टाही करत नव्हता, त्याची समजूतच तशी आहे. त्यानं दोनदा हॅलो हॅलो केलं अन् ठेवून दिला.

मी त्याला म्हणलं, म्हातारी जिती आहे. तर बिचारा लई ओशाळला. त्यानं तो नंबर शोधून मला दिला. तुमच्या गॅसवालीचाच. मी रोज लावते. पहिले दोन-तीन दिवस बंद म्हणत होता, आता असा नंबरच नाही म्हणतो. मला वाटतं ते सिम तिनं पंचमीपुरतंच ठेवलं होतं.

नाशिककडं आहे एवढंच आपल्याला ठाऊक. त्यापुढं कुठं, कुणाला विचारायचं?

मी तुम्हाला जानेवारीत लिहिलं होतं. ते आता काढत नाही. तब्येतीला जपा, अन् ह्या रत्नमालेवर राग धरू नका.

तुमची
रत्नमाला

॥ श्री ॥

ओटावा
४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. रत्नमालास आशीर्वाद. वि. वि. तुझ्यावर कसला राग?

सुदर्शनला सगळं सांगितलं. शपथ, रिंग, गॅसवाली, सगळं. नाव काढलं तरी ताटावरून उठला नाय. म्हणाला, मग आधी सांगायचं ना आई. एवढंच. मग बाहेर जाऊन गाडीत बसला. काचेतून मला त्याची पाठ दिसत होती, ह्यांच्यासारखीच.

तेवीस तारखेचं विमान आहे. श्रेया आता कुणाकडंही जाती, माझ्यावाचून अडत नाय.

रत्ना, ह्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली तवा मी दारात उभी होते. बादली मीच भरून दिली होती. तिला ते कुणीतरी सांगितलेलं असणारच. आता तिनं माझ्या नावानं केली असंल. पंचमीच्या दिवशी, नव्या बांगड्या घातलेल्या हातानं. मी इथं नवं लुगडं नेसून बसले होते त्याच वेळी.

कडुबाला माझा निरोप दे. म्हणावं, तुझ्यावर राग नाय. तो नंबर सोडू नको. पुढच्या पंचमीला कुठल्याही नंबरावरून एक रिंग आली तर उचलू नको, एक रिंग दे अन् तोड. तिला कळंल.

नाय आली तर नाय.

माया आहे तेवढी जपून ठेव, येते मी.

आक्का

ता. क. कडुबाला आणखी एक विचार. मी आल्यावर स्वतः पाचोडला जाईन, पण तोवर तो विसरला तर? त्यानं उचलला तवा ती आई म्हणाली, ते कशी म्हणाली? हळू म्हणाली का आनंदानं? मी उचलला असं तिला वाटलं होतं. आठ वर्षांत मी तो आवाज ऐकला नाय, त्यानं ऐकलाय. त्याला जसं आठवंल तसं लिहून ठेव.