एल्डनला पसंत न पडलेली इंजिनं

शनिवार, १९ ऑक्टोबर

सकाळी अंगणातली मेपलची पानं गोळा केली. न्याहारीनंतर एल्डनचे दोस्त, नॉर्बर्ट आणि गस, आले, जेवणाच्या आधी गेले. दुपारी सूप गरम केलं, पण प्यायले नाही. अजून पातेल्यातच आहे.

ती. मार्सेलावन्सं यांना लेनोरचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? टोलेडोला आमच्याइतकी थंडी नसते असं तुम्ही नेहमी म्हणता, तरी मोजे घालत जा. तुमचं मांजर आणि आफ्रिकन व्हायोलेटच्या कुंड्या मजेत असतील. मी बरी आहे. चर्चमधल्या बायका अजूनही भांड्यात काही ना काही घालून पाठवतात, आणि मी ते खाऊन भांडी परत करते. हे पत्र काही मागायला लिहिलेलं नाही, एवढं आधीच सांगते. आज मला एक धक्का बसला, आणि तो सांगायला एल्डनच्या माणसांपैकी तुम्हीच उरला आहात.

एल्डनच्या नारिंगी पाँटियाक गाडीचं काय करायचं, हा प्रश्न त्याला पुरल्याच्या दिवशीच निघाला होता, हे तुम्हाला माहीत आहे. चर्चच्या तळघरात आपण हॅम आणि बटाट्याचं कॅसरोल खात होतो. मला वाटलं होतं माणसं एल्डनबद्दल चार शब्द बोलतील. ती इंजिनाबद्दल बोलत होती. (एल्डनला हेच जास्त आवडलं असतं, असं पाद्रीबाई मला नंतर म्हणाल्या. मला ते तेव्हा पटलं नाही.) गसचं म्हणणं, आता कारखान्यातून नवंकोरं इंजिन खोक्यात बंद होऊन घरी येतं, ते बसवावं, किल्ली फिरवावी आणि निघावं. फक्त ते दुसऱ्या कंपनीचं, शेव्हरोलेचं. पाँटियाकमध्ये शेव्हरोलेचं इंजिन, हे ऐकून नॉर्बर्टने प्लेट खाली ठेवली आणि म्हणाला, "त्यापेक्षा एल्डनशेजारी मला पुरा." तेवढ्यात तुमच्या कर्टने, त्याचा हेतू चांगलाच होता, विजेची मोटर बसवण्याचं सुचवलं. टेबलाच्या त्या टोकाला कुणी चावेनासं झालं. नॉर्बर्टने त्याला शांतपणे विचारलं, की बाळा, तुझा बाप्तिस्मा झाला होता ना. कर्टने ते मनावर घेतलं नसावं. त्याला माझे आशीर्वाद सांगा.

मला गाडी विकायची नाही, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. दर उन्हाळ्याच्या शेवटी आपल्या गावातून जुन्या गाड्यांची रांग निघते, ती दफनभूमीच्या फाटकावरून जाते. एल्डन दरवर्षी गराजच्या दारात घडीच्या खुर्चीवर बसून ती रांग पाहायचा आणि म्हणायचा, पुढच्या वर्षी. त्याच्यामागे बॉनेट उघडं टाकलेली गाडी, आणि बॉनेटखाली इंजिनाच्या जागी एक मोठं भोक. पुढच्या उन्हाळ्यात ती गाडी मला स्वतः चालवत त्या फाटकावरून न्यायची आहे. (मला क्लच दाबायला उशी लागेल. ती शिवून झाली आहे.) म्हणून इंजिन निवडायला मी आज दोघांना बोलावलं.

एल्डनला स्वतःला इंजिन का निवडता आलं नाही, हे मला कधी कळलं नव्हतं. दर शरद ऋतूत जुन्या सुट्या भागांचा बाजार भरतो तिथे तो नॉर्बर्टला घेऊन जायचा आणि दालचिनी लावलेल्या बदामांची पुडी घेऊन परत यायचा. एका इंजिनाचा रंग बरोबर नव्हता. एक चांगलं होतं, पण विकणारा फार बोलत होता. एक म्हणे उदास दिसत होतं. मी गावच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं, तिथे नमुना एक तर पास होतो नाही तर नापास, उदास होत नाही. पण बदाम चांगले असायचे.

तर आज गस खोक्यातल्या इंजिनाचं चित्र घेऊन आला होता. नॉर्बर्ट त्याच्याकडे पाठ करून बसला. मी कॉफी आणली आणि कप ठेवायला वाकले, तर ठेवणार कशावर? (मी अजून रोज एकदा तरी तशी वाकते.) दोघांनी कप हातातच धरले. मी बोलायचं म्हणून बोलले, की नॉर्बर्ट, इतक्या वर्षांत एकही इंजिन त्याला कसं आवडलं नाही. नॉर्बर्ट गालिच्यावरचे चार खड्डे बघत होता. मग त्याने विचारलं, "लेनोर, इथलं टेबल कुठंय?"

मी म्हटलं, वन्संना दिलं. आठवण म्हणून त्यांना घरातलं काहीतरी हवं होतं, तर त्यांनी नेमकं तेच निवडलं.

त्याने कप गसच्या हातात दिला. गसच्या दोन्ही हातांत कप आले आणि चित्र खाली पडलं.

"अगं, ते गाडीचंच इंजिन आहे," नॉर्बर्ट म्हणाला.

ते एक इंजिन आहे हे मला ठाऊक होतं. काचेखाली सोनेरी रंग दिलेला आठ भोकांचा लोखंडी ठोकळा, तो काही फुलदाणी नव्हे. पण मला वाटलं होतं, भंगारातला कुठला तरी असेल. आमच्या लग्नानंतरच्या तिसऱ्या की चौथ्या हिवाळ्यात एल्डनने गाडीचं इंजिन धुवायला त्यात साधं पाणी भरलं, आणि गोठणरोधक घालायच्या आधी सॅगिनॉ नदीवरून मिशिगनची थंडी आली. पाणी गोठलं, ठोकळा तडकला. (वन्सं, सगळा जन्म इथे काढलेला माणूस.) मी तेव्हा सांगितलं, की हे लोखंड माझ्या गराजमधून हलव. त्याने हलवलं, मला वाटलं भंगारात घातलं. माझ्या वाढदिवसाला पाय आणि काच लावलेलं टेबल बैठकीच्या खोलीत आलं, ते तेच, हे मला आज कळलं.

मी म्हटलं, फार छान झालंय. दुसरं काय म्हणणार? त्याच्या भुवयांनासुद्धा सोनेरी रंग लागला होता.

त्यानंतर त्या टेबलाने माझ्या नडगीवर जेवढे घाव घातले, तेवढे वयाने माझ्या तोंडावर घातले नाहीत. व्हॅक्यूम त्याच्याखाली जात नसे. पाहुणा आला की आधी टेबलाकडे बघे, मग माझ्याकडे, मग एकदम हवेबद्दल बोलू लागे. शेवटी मी त्याच्या मापाचं जमिनीपर्यंत लोंबणारं कापड विणलं, ते दिसू नये म्हणून. तेवढ्यासाठी एक अख्खा हिवाळा गेला.

नॉर्बर्टने पुढे सांगितलं ते असं. त्या काळी तडकलेला ठोकळा म्हणजे भंगारच. पण पुढे फ्लिंटजवळ एक कारखाना निघाला, तो असे तडे लोखंडी खिळ्यांनी शिवून देतो. नॉर्बर्टने एल्डनला तेव्हाच सांगितलं, की टेबल मोड, ठोकळा शिवून घेऊ, बाकीचे भाग माझ्या कोठारात पोत्याखाली पडलेच आहेत. सोनेरी रंग खरवडला की गाडीवरचाच नंबर त्याच्यावर निघेल, असं दुसरं इंजिन जगात नाही. मी विचारलं, मग एल्डन काय म्हणाला?

"म्हणाला, लेनोरला ते टेबल फार आवडतं. तिने त्याच्यासाठी स्वतः कापड विणलंय."

म्हणून तो दरवर्षी वाऱ्यापावसात त्या बाजारात दुसरं इंजिन शोधत हिंडला, आणि त्याला एकही पसंत पडलं नाही.

गस दोन कप धरून भिंतीकडे तोंड करून उभा होता. जाताना तो शेव्हरोलेचं चित्र उचलायला विसरला, ते मी नंतर पानांच्या ढिगात टाकलं.

एवढंच कळवायचं होतं. तब्येतीला जपा. थंडीत व्हायोलेट खिडकीपासून दूर ठेवा.

तुमची भावजय,
लेनोर

ता. क. टेबलाबद्दल मी काही मागत नाही. दिलेली वस्तू परत मागणं आमच्या घरात शिकवलेलं नाही. फक्त त्याच्यावरच्या कुंड्या हलवून, पुढच्या अंगाला उजवीकडे थोडा रंग खरवडून नंबर दिसतो का, एवढं बघाल का? चमचा पुरेल.

आणखी ता. क. बघितलं नाहीत तरी चालेल. रविवार सकाळ झाली आहे आणि हे पत्र पोस्टाने जाणार नाही. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा ते देणारा नॉर्बर्ट तुमच्या दारात उभा असेल आणि गस रस्त्यात ट्रेलर मागे घेत असेल. त्यांना आधी कॉफी द्या. माझं ओकचं टेबल त्यांनी बरोबर आणलं आहे, त्याच्यावर कुंड्या छान दिसतील. नाही म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, पण नॉर्बर्टला कमी ऐकू येतं, आणि आज त्याने यंत्र कानात घातलेलं नाही.

शेवटचं. काच ठेवून घ्या. कापड मात्र परत पाठवा. उन्हाळ्यात गाडी झाकायला नाही, मला ते नुसतं हवं आहे. ते दोघे बाहेर हॉर्न वाजवताहेत, म्हणून थांबते. ते गेले की कॉफी संपवीन, कप विसळून ओट्यावर पालथा घालीन, आणि कालचं सूप गरम करीन.