तळलेली मरळ आणि पांढरी वाइन

औसा

प्रिय सुदर्शन,

यातला पहिला शब्द सवयीनं लिहिला गेला. पत्राची सुरुवात खाडाखोडीनं नको म्हणून राहू दिला. पुढं तो शोधू नकोस.

तुझा मेसेज मिळाला. ॲडलेडच्या मित्रमंडळींना तू माझ्या पद्धतीची मासळी तळून घातलीस, सोबत तिथली स्वस्तातली रीसलिंग वाइन ठेवलीस आणि सगळ्यांनी बोटं चाटली म्हणे. आता तुला मसाल्याचं प्रमाण हवंय. ते मिळणार नाही. आणि तो फोटो काढून टाक. ‘मराठवाडी ताट आणि ऑस्ट्रेलियाची व्हाइट वाइन’ असं वर लिहिलंयस त्याच्या खाली माझा नवरा ग्लास उंचावून बसलाय. ते हसताहेत असं तुला वाटत असेल. मी त्यांच्याशी संसार केलाय, ते हसू नाही.

माझ्या आरतीच्या साखरपुड्याला तू आलास तेव्हा मी हरखून गेले होते. दुसऱ्या दिवशी होणारा जावई सत्यम आणि त्याचे काका मागं थांबले. येताना काकांनी नांदेडहून गोदावरीची मरळ आणली होती. सकाळपासून मी चुलीशी. मरळ, गावरान कोंबडीचा रस्सा, धपाटे, ठेचा. तू आत आलास, रश्श्याच्या पातेल्यात डोकावलास आणि म्हणालास, “ताई, तिखट निम्मं कर. एवढ्या तिखटात शार्डोनेची चव मरते.” जळकोटच्या घरी ठेच्याशिवाय ज्याच्या घशाखाली भाकरी उतरत नव्हती, तो तू! मी तिखट कमी केलं नाही. पण तू आणलेल्या वाइनच्या बाटल्या बघून हातातला झारा खाली ठेवला आणि म्हणाले, “या घरात ते नको.” तू हसलास. “ताई, ही दारू न्हाई. द्राक्षं हायेत.” आपली बोली तू तेवढ्यापुरती बाहेर काढलीस.

मग गच्चीवर तुझं व्याख्यान सुरू झालं. रीसलिंग लिंबासारखी आंबट, तळलेल्या मासळीचा तेलकटपणा तीच कापते. शार्डोनेला लोण्याचा, लाकडाचा वास, ती कोंबडीला. मॉस्काटो गोड, बुडबुड्यांची. ठेच्यानं तोंड पेटलं की ती. महागाची नव्हे, तिथं माणसं रोजच्या जेवणाला घेतात तसलीच, हेही तू दोनदा सांगितलंस. सगळं खरं असेल. बाटल्यांना बूचसुद्धा नव्हतं, फिरकीचं झाकण. उघडायला काही शोधावं लागलं असतं, तर तेवढ्या वेळात कुणाला तरी शहाणपण सुचलं असतं.

काकांनी ग्लासावर हात ठेवला. “आम्ही घेत न्हाई, पाव्हणे.” सत्यम पाण्यावरच होता. तुझं तोंड उतरलं. एवढ्या लांबून आणलेली वाइन आणि प्यायला कुणी नाही. मग तू दाजींकडं वळलास. “दाजी, तुम्ही तरी मान ठेवा. एक घोट, माशासोबत.” मी जिन्यात मरळीचं ताट घेऊन उभी होते. म्हटलं, “त्यांना पित्त होतं, देऊ नकोस.” तू म्हणालास, “मग तर चांगलीच.”

तू विसरला होतास, असं मी लोकांना सांगते. तू विसरला नव्हतास. दाजींना पहिल्यांदा व्यसनमुक्ती केंद्रात नेलं, तेव्हा गाडीत त्यांचं डोकं तुझ्याच मांडीवर होतं. थोडी तरी द्या म्हणून ते तुझ्या पाया पडत होते. त्यानंतर तो माणूस खोकल्याचं औषधसुद्धा वास घेतल्याशिवाय पीत नव्हता. एसटीच्या वर्कशॉपात त्यांच्या शब्दाला पुन्हा वजन आलं होतं. त्या गच्चीवर नको म्हणायला त्यांना एकच कारण होतं, आणि ते नव्या व्याह्यांसमोर सांगता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं आणि ग्लास उचलला. तू फोटो काढलास.

तू विमानात बसलास. इकडं पंधरवडाभर दाजी वेळेवर घरी येत होते. मग उशिरा यायला लागले. रीसलिंग औशात मिळत नाही, सुदर्शन. जी मिळते, तिच्यासोबत काय खावं हे कुणी सांगत नाही. लातूर रस्त्यावर त्यांची स्कूटर घसरली. आपल्या शेजारच्या वेल्डिंगवाल्या करीमनं त्यांना टेम्पोत घालून लातूरला नेलं, रक्त दिलं, आणि ऑपरेशन होईपर्यंत माझ्याजवळ बसून राहिला. तुला आम्ही कळवलं, तेव्हा ‘काळजी घ्या’ असं तू लिहिलंस, खाली दोन जोडलेले हात.

पाय सांधला. आता ते नांदेडच्या केंद्रात आहेत. परवा भेटले तर म्हणाले, “सुदर्शनला काय बोलू नको. ग्लास उचलला तो हात माझा व्हता.” हा त्यांचा मोठेपणा. माझ्याकडं तो नाही, आणि असावा असंही वाटत नाही.

सत्यमच्या घरी मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. सोयरीक मोडली तर मोडली, म्हणून गेले होते. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “त्याच दिवशी सांगितलं असतं, तर मीच तो ग्लास ओतून दिला असता.” लग्न ठरल्या तारखेलाच आहे. दाजींना त्या दिवसापुरतं घरी सोडणार आहेत.

तू तिकिटं काढलीस, आणि लग्नात जेवायला काय आहे ते कळव, त्याप्रमाणे बाटल्या निवडतो, असं लिहिलंस. बाटली आणशील तर दारातून परत जाशील. नुसता आलास तर हाकलणार नाही. अक्षता टाकायला लोकांत उभा राहा. पण मंडपात आरतीच्या पाठीशी मामा म्हणून करीम उभा राहणार आहे. मी विचारलं तेव्हा तो बावरला. “भाभी, लोक काय म्हणतील?” आरतीच म्हणाली, “लोकांचं मी बघते, मामा.” तुला हे तिथं, भरल्या मंडपात, चारचौघांदेखत कळलं असतं. तू दाजींना तसंच अडकवलं होतंस. मला ते जमलं नाही, म्हणून हे पत्र.

नात्यानं तुझीच,
सुकन्या