ढोल गेला की येईन

नाबल, ट्युनिसिया, २ मे

आदरणीय नणंदबाई, लल्ला वसीला,

सलाम. तुमच्या गुडघ्यांना उतार पडला का? आम्ही सगळे खुशाल आहोत. यंदा कडू संत्र्याची झाडं फुलांनी अशी लगडली होती, की अंगणात चादरी अंथरायला जागा पुरेना. फुलांचा अर्क काढायच्या तांब्याच्या भट्टीला उसंत नव्हती. तुमच्या वाट्याच्या फुलपाण्याच्या दोन बाटल्या काढून ठेवल्यात. मुन्सिफचं पोट सुटलंय, पण तुमचा भाऊ ते कबूल करेल तर शपथ.

नवरीचं सामान सफाक्सच्या बाजारात मनासारखं मिळालं ना? तुमच्या दुर्राला निळा रंग शोभतो, हे मी तिच्या बारशापासून सांगतेय.

इतकं पाल्हाळ लावलं, म्हणजे तुम्ही ओळखलंच असेल. मुन्सिफकडून तुम्ही पाठवलेला निरोप पोचला. ‘लग्नाला या, पण पोरीला शेजारी कुणाकडे ठेवून या.’ सांगताना तो माझ्याकडे न बघता बुटाच्या नाड्या सोडत होता.

दुर्राच्या साखरपुड्याचा राग तुमच्या मनात आहे, मला ठाऊक आहे. ढोल आणि सनई अंगणात शिरली, बायकांनी लगोलग आनंदाच्या हाळ्या घातल्या आणि माझी इशराक कान दाबून खाली बसली. मग कपाळावर मुठी मारू लागली. तुम्ही सगळ्या धावलात, मायेनंच धावलात. एकीनं धुपाटणं आणलं, दुसरी मोठमोठ्यानं दुआ म्हणू लागली, तुम्ही “नजर लागली गं माझ्या चिमणीला!” म्हणत तिला कवटाळलंत आणि तोंडावर फुलपाणी शिंपडलंत. आमच्याच भट्टीचं पाणी. तिला भट्टीजवळचा तो वास आवडतो, पण कातडीवर पडलेला थेंब त्या क्षणी तिला चटक्यासारखा लागतो. ती किंचाळली. मी तिला तुमच्या मागच्या खोलीत नेलं, मागोमाग आलेल्या सगळ्यांना बाहेर काढलं, तुम्हालाही, आणि आतून किल्ली फिरवली.

“माझ्या घरात मला दाराबाहेर?” तुम्ही ओरडलात, ते मी ऐकलं. आत मी काहीही केलं नाही. खिडकीची दारं लोटली, तिच्या पायांवर जाड लोकरी घोंगडी टाकली आणि तिच्याकडे पाठ करून बसून राहिले. बोलले नाही. हात लावला नाही. हळूहळू तिच्या मुठी थांबल्या. त्यानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. तुमच्या पाहुण्यांनी “मुकी आहे का?” असं विचारलं. मुकी नाही. दमली होती. पोरगी स्वमग्न आहे, लल्ला. हे नजर लागणं नव्हे आणि माझ्या लाडाचं फळही नव्हे.

दाराबाहेर काढल्याबद्दल मी माफी मागणार नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा किल्ली फिरवीन.

आता अभिमानाची गोष्ट ऐका, आणि ती तुमच्या भावाची आहे. ऐन हंगामात दोन गिऱ्हाइकं फुलांच्या भावावरून अंगणात हमरीतुमरीवर आली. इशराक मागेपुढे डोलू लागली, मग मूठ वर गेली. शेजारची बेया फुलपाण्याची बाटली घेऊन धावली. मुन्सिफनं बेयाचा हात धरला. जो माणूस शेजाऱ्याला सलामसुद्धा ओरडून करतो, तो हळूच म्हणाला, “राहू दे, बेया. सगळे गप्प बसा. आणि कुणी तिच्याकडे बघू नका.”

इशराक स्वतःच्या पायांनी आत गेली. घोंगडी तिची तिनंच ओढून घेतली. तुमचा भाऊ उंबऱ्यावर दाराकडे पाठ करून बसला. अंगणात दोन भांडखोर पुरुष, टोपलीवाल्या बायका, सगळे जमिनीकडे बघत मुके उभे. मला हसू आवरेना आणि रडूही. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, सगळ्यांना न्याहाळून म्हणाली, “का थांबलात? फुलं सुकतील ना!”

त्या दिवशी मी मान वर करून भट्टी पेटवली. असा बाप आणि अशी लेक अख्ख्या नाबलात दाखवा!

तुमचा निरोप तिनंही ऐकला होता. काल ताट पुसता पुसता म्हणाली, “मला दुर्राला नवरीच्या कपड्यांत बघायचंय. ती माझ्याजवळ बसते तेव्हा प्रश्न विचारत नाही. ढोल आला की मी जाईन. ढोल गेला की येईन.” मी विचारलं, “जाशील कुठे?” तर म्हणाली, “आत्याच्या मागच्या खोलीत. आत्या किल्ली देईल.”

देईल का, असा प्रश्नही तिला पडला नाही, लल्ला. तुम्ही द्याल, हे तिनं गृहीतच धरलंय.

तेव्हा आम्ही येऊ तर तिघं येऊ, नाहीतर तुमच्या बाटल्या मुन्सिफच्या हाती पाठवीन. घोंगडी आम्ही आणू. मागची खोली रिकामी ठेवा, आणि किल्ली माझ्या हाती देऊ नका. तिच्या हाती द्या.

दुर्राला माझे आशीर्वाद, तुमच्या गुडघ्यांना आराम पडो.

तुमच्या भावाची बायको, पण त्याआधी
इशराकची आई,
दलेंदा