पलंगाचा कठडा

ती. वन्सं यांस,
नमस्कार रीतीपुरता.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुमच्या उशाशी मीच बसले आहे. दुपारी तुम्ही म्हणालात, "वहिनी, हा कठडा खाली घे गं, पिंजऱ्यात ठेवल्यासारखं वाटतं." मी जपमाळ ओढत राहिले.

गेल्या वर्षी याच वॉर्डात सासूबाईंसाठी तुम्ही हेच म्हणाला होतात. मी औषधं आणायला खाली गेले, तुम्ही कठडा उतरवून फोनवर बोलायला बाहेर गेलात. त्या एकट्या उठल्या नि पडल्या. खुबा मोडला, त्यातच गेल्या. आल्यागेल्याला तुम्ही सांगितलंत, "सूनबाईला डुलकी लागली."

इथे कठडा उतरवणाऱ्याची सही घेतात. सासूबाईंच्या फाइलीतला, त्या दिवशीचा तुमच्या सहीचा कागद माझ्या पोथीत आहे. हे पत्रही तिथेच राहील.

आता तुम्ही नुसता पाय हलवलात तरी मी नर्सला बोलावते, ओली फरशी पुसून घेते. शेजारची पेशंट म्हणाली, "भावजय असावी तर अशी." तुम्ही तोंड फिरवलंत.

वन्सं, तुम्हाला मी पडू देणार नाही. धडधाकट घरी या. बघायला सगळे जमतील, तेव्हा तो कागद तुमच्याच हातात देईन, उभ्यानं, मोठ्यानं वाचायला.

आपली,
डुलकी लागलेली भावजय