चांदमारीवर घेतलं नाही ते नाव

बॉथेल, अमेरिका, १२ ऑक्टोबर १९८६

तीर्थरूप आबांना माणिकचा दंडवत.

मी खुशाल आहे. थंडी पडू लागली, पण आईने विणलेला स्वेटर पुरतो. तिचा गुडघा कसा आहे?

आज सकाळी ऑफिसातल्या संजीवबरोबर इथल्या चांदमारीवर गेलो. डोंगराखालचं मोकळं मैदान आहे, तिथे कुणीही जाऊन नेमबाजीचा सराव करू शकतं. "माझे वडील फौजेत सुभेदार होते, रायफल त्यांनीच शिकवली," असं मी गाडीत तोऱ्यात सांगितलं.

पहिल्या तीन गोळ्या मधोमध लागल्या. त्या आनंदात "बघितलंस?" म्हणत मी मागे वळलो आणि भरलेली रायफलही माझ्याबरोबर वळली. मागच्या बाकावर संजीवच्या आई, मीनाक्षीकाकू, पोह्यांचा डबा उघडत होत्या. नळी सरळ त्यांच्या छातीवर.

देखरेखीवरच्या म्हाताऱ्या गोऱ्याने झडप घालून नळी जमिनीकडे दाबली. गोळी सुटली नाही. कुणाला काही झालं नाही, काळजी करू नका.

मी काकूंचे पाय धरले. त्या म्हणाल्या, "असू दे रे बाळा. आधी दोन घास खा." मी डबा तसाच बंद केला.

म्हाताऱ्याने विचारलं, "तुला रायफल शिकवली कुणी?"

नळी माणसाकडे कधीही वळवायची नाही, हे तुम्ही मला दहाव्या वर्षापासून बजावलंत. संजीव शेजारीच उभा होता. तरी मी म्हणालो, "कुणीच नाही."

आबा, तिथे तुमचं नाव घ्यायला मला तोंड नव्हतं.

तुमचा,
माणिक