बॅटन डाव्या हातात

१३ जानेवारी, ड्रेस्डेन

बॅटन पुन्हा पडलं. आज तिसऱ्यांदा! पळण्यात मी इथे कोणाला ऐकत नाही. आमच्या तिघींच्या रिलेतल्या युले आणि माइके, दोघींपेक्षा आठशे मीटरमध्ये तीन सेकंद पुढे आहे. पण रिलेत आधी बॅटन हातात घ्यावं लागतं आणि तिथेच माझी बोंब. माइके ते उजव्या हातात घेऊन येते. मी ट्रॅकच्या आतल्या बाजूला तोंड करून डावा हात पुढे करायचा, एवढंच. पण माझा दर वेळी उजवा जातो, त्यासाठी मी उलटी वळते आणि तिला धडकते.

कोच टॉर्स्टेनने कारण विचारलं. म्हटलं, आमच्याकडे डाव्या हाताने काही घेत नाहीत. म्हणाला, "आल्झो," म्हणजे 'बरं तर', "इथे घेतात." दहा दिवसांत जमलं नाही तर मी पहिली पळणार – पहिलीला काही घ्यावंच लागत नाही – आणि शेवटचे आठशे युलेला. मला शेवटचेच हवेत. मागून येऊन एकेकीला गाठण्याची मजा पहिलीला कुठली!

१४ जानेवारी

आजपासून सगळं डाव्या हाताने घ्यायचं. बेकरीतली पिशवी, लॅबची किल्ली, मेन्साचा, म्हणजे विद्यापीठाच्या कॅन्टीनचा, ट्रे.

१८ जानेवारी

पुष्करदादाकडे संक्रांत, रविवार म्हणून आज. तो इथे चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याची आई, सरलाकाकू, पुण्याहून आल्यात. काकूंनी तिळगूळ पुढे केला आणि माझा डावा हात गेला की! काकूंनी तिळगूळ मागे घेतला.

"अगं, आईवडिलांनी काही शिकवलं की नाही?"

फार राग आला. बाबांनीच तर शिकवलं, तेही किती कडक! रिलेचं समजावून सांगितलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "मग शर्यतीत घे डाव्याने. माझ्याकडून उजव्याने घे." घेतला. हट्टाने दोन घेतले.

२२ जानेवारी

वीसपैकी वीस! टॉर्स्टेन चक्रावलाय. "इतक्या लवकर कोणालाच जमत नाही. तू डावखुरी आहेस का?" मुळीच नाही, म्हटलं, ही मेहनत आहे. शेवटचे आठशे माझे.

३१ जानेवारी

राज्य स्पर्धा. माइके चौथी आली. डावा हात पुढे, बॅटन मुठीत, निघाले. हात कुठला याचा विचारही आला नाही. हॉलमधला ट्रॅक दोनशेचा, म्हणजे चार फेऱ्या. पहिलीतच एकीला मागे टाकलं, तिसरीत दुसरीला. निळ्या जर्सीवाली मात्र हटेना. तिचा श्वास ऐकू येत होता, मला वाटलं ही आता खचली, आणि शेवटच्या वळणावर बाहेरून गेले. पहिल्या! टॉर्स्टेन युलेला उचलून नाचत होता.

बॅटन घेतानाचा फोटो फार छान आलाय. घरी पाठवला.

१ फेब्रुवारी

बाबांचा फोन आला. अभिनंदन केलं. मी फोटोतल्या हाताबद्दल बोलणी खायची तयारी ठेवली होती.

म्हणाले, "तो हात तुझाच आहे. लहानपणी चमचा तू त्याच हातात धरायचीस. मी दर वेळी काढून उजव्यात द्यायचो. वर्षभर. तू रडायचीस. चुकलं माझं, स्वानंदी."

ही नोंद डाव्या हाताने लिहितेय. पाऊण तास लागला.